औषधाच्या जोडीला तेलाच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

प्रश्न : माझ्या पत्नीचे वय ५१ असून तिला स्तनाचा कर्करोग झाला आहे. तपासणीत तो 'हर-टू पॉझिटिव्ह' निघाला. डोसेटॅक्सेल, कार्बोप्लॅटिन आणि ट्रास्टुझुमॅब ही औषधे दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून दिली जातात. एका नातेवाइकांनी माशाच्या तेलाच्या आणि इव्हिनिंग प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत. या तेलांतील मेदाम्लांमुळे ट्रास्टुझुमॅबचा गुण वाढतो, असे परदेशात सिद्ध झाल्याचे ते सांगतात. कॅप्सूल सुरू कराव्यात का? आमच्या जेवणात मासे आणि जवसाची चटणी नेहमीच असते. ती चालेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमच्या नातेवाइकांनी ऐकलेल्या गोष्टीला आधार आहे, पण तो प्रयोगशाळेतला आहे. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिन काही गाठींमध्ये प्रमाणाबाहेर तयार होते आणि पेशींना सतत वाढीचा इशारा देत राहते. ट्रास्टुझुमॅब नेमके त्यालाच जाऊन चिकटते. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील हाविएर मेनेंदेस, रूथ लुपू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली असे दाखवले, की ऑलिव्ह तेलातील ओलेइक आम्ल आणि प्रिमरोज तेलातील गॅमा लिनोलेनिक आम्ल यांमुळे हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाचे कामच मंदावते, आणि ट्रास्टुझुमॅबसोबत दिल्यास दोहोंचा परिणाम एकेकट्यापेक्षा जास्त होतो. हे सारे काचपात्रात वाढवलेल्या पेशींवर घडले. तिथे मेदाम्ल थेट पेशीवर पडते. गिळलेले तेल मात्र आतडे, यकृत आणि चरबीचे साठे यांतून वाट काढत गाठीपर्यंत किती पोहोचेल, हे त्या प्रयोगावरून ठरवता येत नाही.

रुग्णांवरील अभ्यास मोजके आणि लहान आहेत. २००० साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३८ रुग्णांना टॅमॉक्सिफेन या संप्रेरकाला अटकाव करणाऱ्या औषधाबरोबर रोज २.८ ग्रॅम गॅमा लिनोलेनिक आम्ल दिले, तेव्हा केवळ टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात सुधारणा लवकर दिसली. फ्रान्समधील तूर येथे २००९ साली, आजार शरीरात इतरत्र पसरलेल्या २५ स्त्रियांना केमोथेरपीसोबत रोज १.८ ग्रॅम डीएचए हे माशाच्या तेलातील मेदाम्ल देण्यात आले. ज्यांच्या रक्तात ते अधिक मुरले त्या अधिक काळ जगल्या. पण या अभ्यासात तुलनेसाठी डीएचए न घेणारा गटच नव्हता, त्यामुळे हा लाभ तेलाचा की मुळातच बऱ्या असलेल्या प्रकृतीचा, हे सांगता येत नाही. ट्रास्टुझुमॅबच्या जोडीला तेल द्यावे, असे म्हणण्याइतका पुरावा यातून मिळत नाही.

मात्रेचाही विचार करा. माशाच्या तेलाच्या नेहमीच्या बाटलीवर ठळक अक्षरांत '१००० मिलिग्रॅम' असते. मागच्या बारीक मजकुरात मात्र बहुधा ईपीए (हेही माशाच्या तेलातील मेदाम्लच) १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅम असे लिहिलेले आढळते. म्हणजे तूरच्या अभ्यासातली मात्रा गाठायला रोज अशा १५ कॅप्सूल लागतील. प्रिमरोज तेलात गॅमा लिनोलेनिक आम्ल साधारण दहा टक्केच असते, त्यामुळे तिथला हिशेब याहून अवघड आहे.

तुमच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती कार्बोप्लॅटिनची. हे प्लॅटिनम गटातील औषध आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील संशोधकांना २०११ साली उंदरांमध्ये असे आढळले, की माशाच्या तेलातील एका विशिष्ट मेदाम्लामुळे प्लॅटिनम गटातील औषधाचा प्रभाव कमी होतो. पुढे २०१५ साली निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तातही माशाच्या तेलानंतर, तसेच हेरिंग व मॅकरेल खाल्ल्यावर ते मेदाम्ल वाढलेले दिसले. रुग्णांमध्ये याचा प्रत्यक्ष तोटा सिद्ध झालेला नाही. तरीही केमोथेरपीच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत माशाचे तेल टाळावे, असा सल्ला त्या संशोधकांनी दिला. लाभ अनिश्चित आणि शंका मात्र औषधाच्याच गुणाबद्दल, अशा स्थितीत कार्बोप्लॅटिनच्या फेऱ्या संपेपर्यंत त्या कॅप्सूल मुळीच सुरू करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपला बांगडा मॅकरेलच्याच कुळातला. तो त्या अभ्यासात नव्हता, पण ते तीन दिवस दुसरा मासा केला तर बिघडत नाही. एरवी मासे बंद करू नका. या काळात प्रथिनांची गरज असते आणि जेवण आधीच कमी झालेले असते.

जवसाच्या चटणीबद्दल निश्चिंत राहा. टोरांटो येथे २००५ साली शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या स्त्रियांना रोज २५ ग्रॅम जवस मफिनमधून दिले असता गाठीतील पेशींची वाढ मंदावलेली दिसली, पण ते श्रेय जवसातील मेदाम्लाचे की लिग्नन या घटकाचे, हे त्यातून उलगडत नाही. चमचाभर चटणी अन्न म्हणून खावी, औषध म्हणून तिची मात्रा वाढवू नये. डोसेटॅक्सेलमुळे तोंड आले असेल किंवा जुलाब होत असतील, तर तिखटामुळे आणि जवसातील चोथ्यामुळे त्रास वाढेल. तेवढे दिवस ती बाजूला ठेवा.

पुढच्या फेरीला जाताना दोन्ही बाटल्या सोबत न्या आणि कर्करोगतज्ज्ञांना त्यांवरील मागचा मजकूर दाखवा. कार्बोप्लॅटिनने रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी होतात आणि माशाच्या तेलाने रक्त गोठण्यास किंचित विलंब होऊ शकतो. त्यामुळे शस्त्रक्रिया ठरली असेल आणि एखादी कॅप्सूल आधीच घेतली गेली असेल, तर तेही शल्यचिकित्सकांच्या कानावर घाला.