आफ्रिकेत दोन हजार भाषा आहेत, मग शाळेत इंग्रजी-फ्रेंचशिवाय दुसरा मार्ग आहे का?

तुम्ही विचारलंय की आफ्रिकेत २,००० च्या आसपास भाषा असताना मुलांना त्यांच्या भाषेत शिकवणं शक्य तरी आहे का, आणि यावर कुणी नीट संशोधन केलंय की ही नुसती भावनेपोटी केलेली मागणी आहे. मी भाषाविज्ञान शिकवते. हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

संशोधन झालंय, आणि तेही पन्नास वर्षांपूर्वी. नायजेरियात इले-इफे नावाचं योरुबा भाषकांचं जुनं शहर आहे. तिथल्या विद्यापीठातल्या बाबातुंडे फाफुन्वा या शिक्षणतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली एका साध्या प्राथमिक शाळेत प्रयोग सुरू केला. तोवरची रीत अशी होती, की पहिली तीन वर्षं योरुबात शिकवायचं आणि चौथीपासून सगळं इंग्रजीत. फाफुन्वांच्या वर्गांत मात्र सहाही वर्षं गणित, विज्ञान, समाजशास्त्र सगळं योरुबात. इंग्रजी हा फक्त एक विषय. शेजारी तुलनेसाठी जुन्या रीतीचा वर्ग. योरुबात पाठ्यपुस्तकं नव्हती, ती लिहून काढली. परिभाषा नव्हती, ती घडवली. एखाद्या भाषेत विज्ञान शिकवता येत नाही असं कुणी म्हणालं की मला या लोकांची आठवण येते. शब्द आधी तयार असतील आणि मग शिकवू, असं म्हणत ते बसून राहिले नाहीत.

सहा वर्षांनी योरुबात शिकलेली मुलं इतर विषयांत पुढे निघालीच, पण इंग्रजीतही ती मागे नव्हती. पालकांची सगळ्यात मोठी भीती नेमकी तीच होती. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. या वर्गांना इंग्रजी शिकवायला खास शिक्षक दिला होता, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या योरुबाला देता येत नाही. माझ्या मते त्यातून उलट दुसराच धडा मिळतो. इंग्रजी चांगली यावी असं वाटत असेल, तर ती चांगल्या शिक्षकाकडून विषय म्हणून शिकवा. भूगोल इंग्रजीत कोंबल्याने इंग्रजी येत नाही, भूगोलही जातो.

पुढे काय झालं ते वाचून मन खट्टू होतं. २०२२ मध्ये नायजेरियाच्या सरकारने पहिली सहा वर्षं मातृभाषेत शिकवण्याचं धोरण मंजूर केलं आणि २०२५ मध्ये ते मागेही घेतलं. परीक्षांचे निकाल घसरले, हे कारण दिलं गेलं. पुस्तकं आणि शिक्षक आधी उभे केल्याशिवाय असा प्रयोग तग धरत नाही, हे इफेच्या लोकांना १९७० मध्येच ठाऊक होतं.

पण तुमच्या प्रश्नाचा गाभा मला वेगळाच वाटतो. इफेच्या परिसरात जवळजवळ सगळे योरुबा बोलणारे, त्यामुळे कुठली भाषा घ्यायची हा प्रश्नच आला नाही. जिथे वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या तोंडी चार-पाच भाषा आहेत, तिथे काय करायचं?

याचं उत्तर शोधताना मी सेनेगलच्या दक्षिणेकडच्या कासामांस प्रदेशावरचं काम वाचलं आणि माझ्या कितीतरी समजुती हलल्या. फ्रीडेरिके ल्युप्के या भाषाअभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या पायी जाता येईल एवढ्या अंतरावरच्या काही गावांत वर्षानुवर्षं काम केलंय. कागदावर प्रत्येक गावाची एक भाषा आहे: कुणाची जोलाची एखादी बोली, कुणाची बाइनुंक. प्रत्यक्षात सुना दुसऱ्या गावांतून येतात, त्या आपापल्या भाषा घेऊन येतात. मुलं नातेवाइकांकडे वाढायला पाठवली जातात, ती परतताना तिथली भाषा घेऊन येतात. त्यावर मांडिंका, वोलोफ, फ्रेंच. पाच-सहा भाषा येणं तिथे कौतुकाची गोष्ट नाही, रोजचं जगणं आहे. आणि ‘माझी भाषा’ म्हणून माणूस जिचं नाव सांगतो ती बहुधा बापाच्या कुळाची असते, मग तो दिवसभर दुसरीच बोलत का असेना. ज्या घरात आईची भाषा एक, कुळाची दुसरी आणि खेळगड्यांची तिसरी, तिथे जनगणनेचा ‘मातृभाषा’ हा रकाना भरायचा कसा?

हे वाचताना मला माझी आजी आठवली. ती मिरजेकडची. घरात कानडी, बाजारात मराठी, शेजारच्या मुसलमान बायकांशी त्यांच्या वळणाचं उर्दू. तिला कुणी मातृभाषा विचारली असती तर तिने आधी विचारणाऱ्याकडे नवलाने पाहिलं असतं. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या भाषाअभ्यासकांचा १९७१ चा निबंध जगभर वाचला जातो. जैन शेतकऱ्यांची कानडी, मुसलमानांची उर्दू आणि गावातली मराठी शेकडो वर्षं शेजारी नांदून इतक्या जवळ आल्या, की शब्दाला शब्द ठेवून एका भाषेतलं वाक्य दुसरीत नेता यावं. वाक्याची घडण सारखी झाली, शब्द मात्र ज्याचे त्याच्याकडे राहिले. घरात आपली बोली आणि दुसऱ्या समाजाशी बोलताना मराठी, अशी वाटणी. म्हणून कासामांसची माणसं मला परकी वाटली नाहीत.

तेव्हा २,००० हा आकडा पाहून घाबरू नका. शाळेला २,००० भाषांशी गाठ घालायची नसते, समोर बसलेल्या तीस-चाळीस मुलांना काय काय येतं ते पाहायचं असतं. (आकडाही तसा डळमळीतच. झिंबाब्वेतल्या शोना भाषेचं आजचं प्रमाणरूप घ्या. क्लेमेंट डोक या अभ्यासकाने १९३१ मध्ये अनेक बोली एकत्र आणण्याची शिफारस केली, त्यावर ते उभं आहे. बोली कुठे संपते आणि भाषा कुठे सुरू होते, ते अनेकदा मिशनऱ्यांच्या आणि सरकारी समित्यांच्या टेबलावर ठरलंय.)

कासामांसमध्येच यावर एक वाट काढलीय. स्थानिक शिक्षक आणि संशोधक मिळून, मुख्यतः प्रौढांसाठी आणि तरुणांसाठी, ‘लिलिएमा’ नावाचे साक्षरतेचे वर्ग चालवतात. सेनेगलच्या राष्ट्रीय भाषांसाठी एकच अधिकृत लिपी ठरलेली आहे, एका ध्वनीला एक अक्षर. तेवढं धरायचं आणि भाषा कुठली हे ठरवायचंच नाही. फळ्यावर एक अक्षर लिहिलं की ज्याला जो शब्द सुचेल तो त्याने सांगायचा, एकाचा जोलातला, दुसरीचा मांडिंकातला, तिसऱ्याचा वोलोफमधला. सगळे शब्द त्याच अक्षराखाली, एकाच वहीत उतरतात.