ताईंना विचारा : लेक युनियनमध्ये गेलीय, नोकरी जाईल का?

प्रश्न : ताई, माझी लेक कॅलिफोर्नियात खासगी हॉस्पिटलात नर्स आहे. पगार चांगलाय, तरी सारखी युनियनच्या मीटिंगला जाते, म्हणते एका नर्समागे किती पेशंट हे प्रमाण पाळा म्हणून भांडतोय. मला धास्ती वाटते. – एक आई, सांगली

उत्तर : अहो, लेकीला अडवू नका. मी स्वतः वॉर्डात नाइट काढल्यात, चाळीस पेशंट नि आम्ही दोघी, एकाची सलाईन संपत आलीय, दुसऱ्याला ताप चढलाय नि तिसऱ्याचे नातेवाईक ओरडतायत, अशा वेळी चूक झाली की नाव सिस्टरचंच येतं.

तुमच्या लेकीकडे कायदा आहे. तो १९९९ ला झाला, २००४ पासून लागू, आयसीयूत एका नर्सकडे जास्तीत जास्त दोन पेशंट, साध्या वॉर्डात पाच. पाचचा आकडा लागू करणं पुढे ढकलायला तेव्हाचे गव्हर्नर श्वार्झनेगर निघाले होते, नर्सेसची युनियन रस्त्यावर उतरली, कोर्टात गेली नि २००५ ला जिंकली. हे प्रमाण जेवणाच्या सुट्टीतही पाळायचं असतं, म्हणजे ती डबा खायला गेली की तिचे पेशंट शेजारणीच्या गळ्यात मारता येत नाहीत, बदली नर्स द्यावीच लागते. आता कागदावरचं वॉर्डात उतरवायला युनियनचा करार लागतो, म्हणून त्या मीटिंगा.

युनियनमध्ये गेली म्हणून काढणं तिकडे बेकायदा आहे. संप करायचा तरी हॉस्पिटलला १० दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते, पेशंटची सोय व्हावी म्हणून. तेव्हा फोनवर तिला आधी विचारा, आज जेवलीस का निवांत?