विधवा प्रथाबंदीच्या ठरावाला बळ कशाचे?

प्रश्न : आमच्या ग्रामसभेने विधवा प्रथाबंदीचा ठराव केलेला आहे. तरीही थोरल्या दिरांच्या दहाव्याला भावकीतील बायकांनी जाऊबाईंचे कुंकू पुसले आणि त्या नको म्हणत असताना बांगड्या फोडल्या. ठरावाची आठवण करून दिली, तेव्हा ‘तो कागदावरचा’ असे ऐकावे लागले. अशा ठरावाला कायद्याचे बळ असते का?
– एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या जाऊबाईंच्या वाट्याला आले ते अन्यायाचेच होते, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाने ४ मे २०२२ रोजी, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्ताने, असा ठराव केला आणि ग्रामविकास विभागाने त्याच महिन्याच्या १७ तारखेला परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवण्यास सांगितले. परंतु परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, आणि ठराव मोडणाऱ्याला शिक्षा करण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही. मात्र विरोध करणाऱ्या स्त्रीचे हात धरून बांगड्या फोडणे ही बळजबरी आहे. ठराव नसता तरी या बळजबरीविरुद्ध पोलिसांत तक्रार करता आली असती. ती करायची की नाही, हे जाऊबाईंनीच ठरवावे, कारण त्यांना त्याच भावकीत राहायचे आहे.

ठराव कागदावर राहतो तो बहुधा एकाच कारणाने : तो करणारी माणसे दहाव्याच्या दिवशी तिथे नसतात. सरपंच, आशाताई किंवा बचत गटातील दोघीतिघी आदल्या संध्याकाळी त्या घरी जाऊन सासूबाईंशी आणि भावकीतील वडीलधाऱ्यांशी बोलल्या, तर घाटावर वाद घालण्याची वेळ सहसा येत नाही. हे काम ग्रामपंचायतीने अंगावर घ्यावे, असा आग्रह तुम्ही पुढच्या ग्रामसभेत अवश्य धरा.

मला त्याहून अधिक काळजी वाटते ती पुढच्या दिवसांची. कुंकवाची चर्चा होते, सातबाऱ्याची होत नाही. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे दिरांच्या हिश्श्यात पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई हे सारख्या वाट्याचे वारस ठरतात. तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, तीन महिन्यांच्या आत मृत्यूच्या दाखल्यासह वारस नोंदीचा अर्ज द्यावा आणि नमुना ६-क मध्ये, म्हणजे गावच्या वारस नोंदवहीत, जाऊबाईंचे नाव आले का, हे स्वतः पाहावे. घरातून निघण्यासाठी दबाव आला, तर कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, २००५ त्यांना सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो. एका विधवेच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२२ रोजी तो ठामपणे मान्य केला आहे. दुःखाच्या या दिवसांत ‘नुसती सही कर’ म्हणून पुढे केलेला कागद अनेकदा हक्कसोडपत्राचा असतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे स्त्रियांना वकिलाचा सल्ला विनामूल्य मिळतो. तो घेतल्याशिवाय जाऊबाईंनी कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा करू नये.