भाऊ कुवेतला निघालाय, तर दूतावासाचं काम आधी समजून घ्या

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाकटा भाऊ गोव्यातल्या साखळी गावाहून कुवेतला एसी दुरुस्तीच्या कामाला निघालाय, दहावी झालेली नाही, पासपोर्टवर ईसीआर (म्हणजे नोकरीला परदेशी जाण्याआधी सरकारची परवानगी लागते, असा शेरा) आहे. एजंट म्हणतो, दूतावासात नाव घालायची काही गरज नाही, तिथे झेंडावंदनाचे आणि योग दिनाचे फोटो सोडून काही नसतं. आणि तुम्ही विचारताय, मग दूतावास आपल्यासारख्यांसाठी करतो तरी काय?

मी १९ वर्षं कुवेतमध्ये काढली. आधी महबूला, मग फहाहील. २०२० साली परत डिचोलीला आलो. दूतावासाच्या पायऱ्या स्वतःसाठी आणि दुसऱ्यांसाठी इतक्या वेळा चढलोय की तुमच्या एजंटाचं बोलणं वाचून काळजी वाटली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट विमानात बसण्याआधीची. ईसीआर पासपोर्टवाल्याला नोकरीसाठी आखाती देशात जायचं तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे सरकारची परवानगी लागते. ही परवानगी ज्या १८ देशांसाठी लागते, त्यांच्या यादीत कुवेत आहे. ही परवानगी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून मिळते, आणि तिथेच तुमच्या एजंटाचं नाव नोंदणीकृत आहे की नाही तेही दिसतं. नोंदणीकृत एजंट ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घेऊ शकतो, तीही पावती देऊन. परवानगीबरोबर प्रवासी भारतीय विमा काढावाच लागतो: दोन वर्षांचे २७५ रुपये किंवा तीन वर्षांचे ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण आहे. एवढ्या थोड्या पैशांत मिळणारी ही गोष्ट लोक का टाळतात? कारण एजंट सांगतो, "व्हिजिट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बदलून देतो." असा गेलेला माणूस ई-मायग्रेटच्या कागदावर कुठेच नसतो. त्याचा पगार किती ठरला, मालक कोण, हे सांगणारा करारच नसतो. उद्या तो दूतावासात जाऊन उभा राहिला तर अधिकाऱ्याने भांडायचं कशाच्या जोरावर?

आता दूतावासाबद्दल. २००४ सालची गोष्ट सांगतो. माझ्या खोलीत पेडण्याचा एक मुलगा होता. एका रात्री घरून फोन आला, वडील गेले. पासपोर्ट कंपनीच्या मंदूबकडे. (मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. भावाला हा शब्द पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल.) मंदूब म्हणाला, मुदीर (म्हणजे मॅनेजर) रजेवर आहे, तो आल्याशिवाय पासपोर्ट मिळणार नाही. सकाळी आम्ही दूतावासात गेलो. खिडकीमागच्या बाबूने पहिला प्रश्न केला, "पासपोर्ट नंबर?" त्याला तो पाठ नव्हता. झेरॉक्स नव्हती. सिव्हिल आयडी, म्हणजे कुवेतचं ओळखपत्र होतं, पण सुटीची दोन वर्षं भरली नव्हती म्हणून त्याने पासपोर्ट उघडून बघितलाही नव्हता. शेवटी त्याच्या बायकोने घरी देव्हाऱ्याच्या खणात ठेवलेली जुनी प्रत म्हापशाला जाऊन फॅक्स केली. त्या फॅक्सवर नंबराच्या शेवटच्या आकड्यावर काळा डाग आला होता, तीन आहे की आठ कळेना. परत फोन, परत बस, परत फॅक्स. यात दीड दिवस गेला. नंबर हातात आल्यावर दूतावासातल्या अधिकाऱ्याने आमच्यासमोर कंपनीला फोन लावला आणि त्याच संध्याकाळी मंदूब पासपोर्ट घेऊन खोलीवर आला. पोरगा घरी पोचला तो पाचव्या दिवशी. वडिलांना अग्नी चुलतभावाने दिला होता.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगत आलोय: पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसा, करार आणि विमा यांच्या प्रती घरी ठेवा, आणि फोनमध्येही ठेवा. भाऊ पोचला की दूतावासाच्या साइटवर नाव, कुवेतमधला पत्ता, कंपनीचं नाव आणि घरचा फोन नोंदवू दे. नोंदणी सक्तीची नाही, तिच्यामुळे लगेच काही मिळतही नाही. पण अडचणीच्या दिवशी शोधाशोध वाचते. माझे काका १९९० मध्ये कुवेतमध्ये होते. इराकी सैन्य शिरल्यावर सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना परत आणलं गेलं, काका बसने अम्मानपर्यंत आणि तिथून विमानाने मुंबईला आले. कुठल्या बसमध्ये कोण, याच्या याद्या किती जपल्या जात होत्या ते काका शेवटपर्यंत सांगायचे.

पासपोर्ट कंपनीने ठेवून घेणं नेहमीचं झालंय, पण ते बरोबर नाही. आपल्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता असतो, मालकाची नाही, आणि कुवेतच्या नियमांनाही हे मान्य नाही. भावाला आधीच सांगून ठेवा. पासपोर्ट हरवला किंवा मिळतच नसेल आणि परत यायचंच असेल, तर दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो. ते फक्त भारतात एकदा परतण्यापुरतं चालतं. मात्र त्याने देश सोडण्याची कुवेती परवानगी मिळत नाही. अंगावर ॲबस्कॉंडिंगची, म्हणजे कामावरून पळून गेल्याची केस मालकाने घातली असेल तर ती आधी सोडवावी लागते.

पगार अडकला तर तक्रार कुवेतच्या मनुष्यबळ प्राधिकरणाकडे, म्हणजे तिथल्या कामगार खात्यात करायची. दूतावासाचा कामगार विभाग अर्ज समजावतो, कंपनीला पत्र लिहितो, दुभाषी मिळवून देतो. शिवाय २०१५ पासून परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल आहे. तिथे तक्रार घरच्यांनाही करता येते. ताई, म्हणजे तुम्ही साखळीत बसून करू शकता, क्रमांक मिळतो आणि पाठपुरावा दिसतो. पणजीत गोवा सरकारचं एनआरआय आयुक्तांचं कार्यालय आहे, त्यांनाही त्याच क्रमांकासह एक अर्ज द्या.

खायला पैसे नाहीत, तिकीट नाही, इस्पितळात आहे, किंवा मृतदेह घरी आणायचा आहे, अशा वेळी भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. तो २००९ मध्ये सुरू झाला. पासपोर्ट वगैरे सेवांवर जो थोडा जादा आकार घेतात त्यातूनच तो भरतो, म्हणजे पैसा आपल्याच कष्टकऱ्यांचा. मागायला लाजू नये. पण खरी गरज बघून देतात. कंपनीची जबाबदारी असेल तर आधी कंपनीला धरतात, आणि ते योग्यच आहे.

काय होत नाही तेही ऐका. दूतावास कर्ज फेडत नाही, नोकरी लावत नाही, तुरुंगातून सोडवून आणत नाही. अटक झाली तर १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे आपल्या दूतावासाला कळवा असं सांगायचा हक्क भावाला आहे. तो हक्क मागावा लागतो, म्हणून त्याला हे माहीत हवं.

गोव्याच्या माणसाला हमखास लागणारी एक गोष्ट म्हणजे मुखत्यारपत्र. आपल्याकडे लग्नानंतर बहुधा मालमत्ता दोघांची समाईक होते, म्हणून जमीन विकताना नवरा-बायको दोघांच्याही सह्या लागतात, अगदी माहेरच्या वाट्यालासुद्धा. माझ्या बायकोच्या भावंडांनी सत्तरी तालुक्यातलं काजूचं भाट (म्हणजे बाग) विकायला काढलं तेव्हा माझ्या सहीवाचून सगळं थांबलं होतं. दूतावासात जाऊन अधिकाऱ्यासमोर सही केली, कागद कुरियरने घरी पाठवला. इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आमचे मेव्हणे तो कागद कपाटात ठेवून बसले होते, मुदत चुकता चुकता वाचली.

आणि दूतावासाच्या साइटवरच्या बातम्यांचं. झेंडावंदनाचे फोटो असतात हे खरं, पण त्यांच्याच खाली कामाच्या सूचना असतात. २०२४ मध्ये कुवेतने १७ मार्चपासून विनापरवाना राहणाऱ्यांना दंड न घेता देश सोडायची मुभा दिली, मुदत जूनपर्यंत. ज्यांनी वेळेत वाचलं ते सुटले. १ जुलै २०२५ पासून खासगी कंपनीच्या कामगाराला देश सोडण्याआधी मालकाने मंजूर केलेला एक्झिट परमिट लागू लागला. हे माहीत नसेल तर माणूस सामान घेऊन विमानतळावरून परत येतो. १ जून ते ३१ ऑगस्ट सकाळी ११ ते ४ उघड्यावर काम करून घ्यायला तिथे बंदी आहे. एसीवाल्याला गच्चीवर चढवतात, म्हणून भावासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. ओपन हाउसची तारीखही तिथेच मिळते. त्या दिवशी तक्रार थेट अधिकाऱ्यांसमोर मांडता येते. रविवार ते गुरुवार कामाचे दिवस, शुक्रवारी जाऊ नये.

तुम्ही शेवटी पोर्तुगीज पासपोर्टबद्दल विचारलंय. आजोबा १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले असतील तर तो मार्ग असतो. पण दुसरं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, आणि मग अडचणीत भारतीय दूतावास नाही, पोर्तुगालचा दूतावास गाठावा लागतो. नोकरी मिळवण्यासाठी घाईने हा निर्णय घेऊ नका.

आता एवढं करा: एजंटाचा नोंदणी क्रमांक मागा, आणि व्हिसाच्या कागदावर कलम १८ लिहिलंय की व्हिजिट, ते बघून इथे कळवा. खासगी नोकरीचा व्हिसा कलम १८ चा असतो. ते कळेपर्यंत त्याला एक रुपयाही देऊ नका.