‘सोडू नकोस त्याला’ एवढंच लिहिलं, तरी अपप्रेरणा?

ताई, तुमचं म्हणणं दोनदा वाचलं. पार्टनरने पैसे बुडवले म्हणून भाचा फोनवर रडला, तुम्ही रागाच्या भरात ‘सोडू नकोस त्याला’ असा मेसेज टाकलात, चार दिवसांनी भाच्याने त्या माणसाला बुक्क्यांनी मारलं, त्याचा हात फ्रॅक्चर झाला आणि आता एफआयआरमध्ये तुमचंही नाव आलंय, पुढे शब्द ‘अपप्रेरणा’. मी तिथे नव्हतेच तर आरोपी कशी, आणि हा शब्द म्हणजे नक्की काय, असं तुम्ही विचारलंय.

आधी शब्दच बघू, कारण तुमची सगळी केस त्याच्यावर उभी आहे. प्रेरणा ही संस्कृतातल्या ईर् धातूपासून, म्हणजे हलवणं, पुढे ढकलणं, आणि तिला अपशब्द-अपकीर्तीतला ‘अप’ लागला की वाईटाकडे ढकलणं. इंग्रजीत हाच गुन्हा म्हणजे अ‍ॅबेटमेंट, त्यातला अ‍ॅबेट हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आलाय आणि तिथे मूळ अर्थ होता कुत्र्याला चिथावून अंगावर सोडणं. आपण छू म्हणतो ना, तेच. छू म्हणणारा स्वतः चावत नाही, तरी कायदा त्याला धरतो, म्हणून ‘मी तिथे नव्हते’ एवढ्यावर तुम्ही सुटणार नाही हे मला स्पष्ट सांगायलाच हवं.

भारतीय न्याय संहितेचं कलम 45 तीन प्रकार सांगतं, चिथावणी, कट आणि जाणूनबुजून मदत. तुमच्यावर फक्त पहिला लागू शकतो. तो सिद्ध झाला तर कलम 49 खाली शिक्षा मूळ गुन्ह्याचीच, आणि हाड मोडणं ही गंभीर दुखापत, म्हणजे 7 वर्षांपर्यंत. पण शस्त्र वापरलेलं नसेल तर हा गुन्हा जामीनपात्र आहे, तेव्हा रात्र रात्र जागू नका.

आता मेसेज. ‘सोडू नकोस’ म्हणजे मार, की पैसे वसूल केल्याशिवाय गप्प बसू नकोस? सुप्रीम कोर्टाने 2001 च्या रमेश कुमार विरुद्ध छत्तीसगड राज्य ह्या निकालात म्हटलंय की रागाच्या भरात, परिणाम व्हावा असा हेतू नसताना तोंडून गेलेला शब्द म्हणजे चिथावणी नव्हे. ती केस आत्महत्येची होती, पण चिथावणीचा अर्थ म्हणून आपण ती नक्की दाखवू शकतो. आणि तुम्हीच लिहिलंय की त्याच चॅटमध्ये खाली ‘वकिलाची नोटीस पाठव’ असंही तुम्ही टाकलं होतं! ताई, ही ओळ सोन्यासारखी आहे, हेतू काय होता ते तीच सांगते.

म्हणून हात जोडून सांगते, चॅट डिलीट करू नका, घरचे कितीही म्हणोत. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा अंगावर येईल आणि तुमची ही ओळही जाईल. भाच्याला ‘असं सांग, तसं सांग’ म्हणून फोन नको, आणि त्या जखमी माणसाकडे समेटाला परस्पर जाऊ नका. पोलिसांची भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची, म्हणजे चौकशीला हजर राहा अशी नोटीस आली तर दिलेल्या तारखेला हजर राहा, नोटीस पाळणाऱ्याला कारण लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. जाताना वकील बरोबर न्या आणि तो मेसेज एकटा दाखवू नका, रडलेल्या फोनच्या दिवसापासूनचं अख्खं चॅट दाखवा.