मुलीच्या अकरावीचं विचारलंत, पण घरात विमा कुणाच्या जिवाचा आहे?

प्रश्न : मुलगी यंदा 89 टक्क्यांनी दहावी झाली. तिला अकरावी सायन्सला बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स (सायन्ससोबतचा व्यावसायिक विषय) घ्यायचं आहे. शाळेच्या प्रदर्शनात तिनं पाण्याच्या टाकीचा अलार्म केला होता, तेव्हापासून हेच डोक्यात. क्लासवाले म्हणतात, तो विषय नको, आमच्या इंटिग्रेटेड (कॉलेज आणि क्लास एकत्र) बॅचला टाका. दोन वर्षांचे 2 लाख 40 हजार, एकरकमी. त्यासाठी 4 लाखांची एफडी मोडू का? बाकी शिल्लक नाही. वय 42, पगार हातात 58 हजार, गृहकर्ज 14 लाख बाकी, पत्नी गृहिणी, मुलगा चौथीत. आम्ही ओबीसी. इंजिनिअरिंगच्या खर्चाची काळजी नाही, कारण मुलगी नऊ वर्षांची असताना तिच्या नावे चाइल्ड प्लॅन घेतलाय. वर्षाला 60 हजार भरतो, 20 लाख मिळतील. मागच्याच आठवड्यात मुलासाठीही तसाच घेतला, 50 हजारांचा. माझा स्वतःचा विमा नोकरीच्या कंपनीकडून आहे, 3 लाखांचा. पॉलिसीचे फोटो सोबत जोडले आहेत.

उत्तर : एफडी मोडू नका आणि मुलीला इलेक्ट्रॉनिक्स घेऊ द्या. त्याची कारणं शेवटी सांगतो. आधी तुम्ही पाठवलेल्या फोटोंबद्दल बोलू, कारण ते पाहून मला खरंच धास्ती वाटली.

मुलाची पॉलिसी उद्याच्या उद्या परत करा. कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत कारण देऊन ती रद्द करता येते, याला फ्री-लुक म्हणतात. स्टँप ड्युटी आणि थोडीफार वजावट जाऊन पैसे परत मिळतात. एजंटला फोन करू नका. तो "साहेब, दोन दिवसांत येतो" म्हणेल आणि महिना निघून जाईल. थेट विमा कंपनीच्या शाखेत अर्ज द्या आणि पोच घ्या.

आता मुलीची पॉलिसी. पहिल्या पानावर 'लाइफ अशुअर्ड' या रकान्यात तिचं नाव आहे. म्हणजे विमा तिच्या जिवाचा आहे. घर तुमच्या पगारावर चालतं. उद्या तुम्हाला काही झालं, तर या पॉलिसीतून घरात एक रुपया येणार नाही. उलट पुढचे हप्ते तिच्या आईनं भरायचे, कारण हप्ते माफ होण्याची सोय तुमच्या कागदांत कुठेच नाही. अशा वेळी घराच्या हाती राहतील कंपनीचे 3 लाख, म्हणजे तुमचा पाच महिन्यांचा पगार, आणि समोर 14 लाखांचं कर्ज. दोन्ही पॉलिस्यांचे हप्ते मिळून वर्षाला 1 लाख 10 हजार होतात. जवळजवळ दोन महिन्यांची कमाई विम्यावर जाते, आणि कमावणाऱ्या माणसाचाच विमा नाही. हे तुम्हाला विकणाऱ्यानं 'मुलांचं भविष्य' असंच म्हटलं असणार.

दुसरी गोष्ट मुदतीची. पॉलिसी 20 वर्षांची आहे, हप्ते मात्र पहिली पंधरा वर्षंच. पैसे हातात येतील तेव्हा मुलगी 29 वर्षांची असेल. तिची इंजिनिअरिंगची पहिली फी दोन वर्षांनी भरायची आहे.

तिसरी गोष्ट त्या 20 लाखांची. कागदावर 20 लाख कुठेच नाहीत. कंपनीची गुंतवणूक 8 टक्क्यांनी वाढेल असं धरून दाखवलेल्या रकान्यात 16 लाख आहेत आणि 4 टक्क्यांच्या रकान्यात साडेअकरा. हे दोन्ही आकडे गृहीत धरलेले आहेत, हमीचे नाहीत. पंधरा वर्षांत तुम्ही 9 लाख भरणार. त्याचे अगदी 16 लाख झाले, तरी परतावा जेमतेम साडेचार टक्के पडतो. ही पॉलिसी घेतली त्या दिवशी मुलगी नऊ वर्षांची होती, म्हणजे सुकन्या समृद्धीचं, मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेचं, खातं उघडता येत होतं. दहा वर्षं पूर्ण झाली आणि तो दरवाजा बंद झाला. याची मला फार चीड येते, कारण हे सांगायला एका मिनिटाचं काम होतं.

झालं ते झालं. पुढचा हिशेब असा. सहा हप्ते, म्हणजे 3 लाख 60 हजार भरून झाले. आज सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच बंद केली, तर किमान निम्मे, 1 लाख 80 हजार मिळायला हवेत. बोनस धरून थोडे जास्तही मिळतील. ते पैसे आणि उरलेल्या नऊ हप्त्यांइतकी रक्कम 7 टक्क्यांनी कुठे सुरक्षित ठेवली, तर चौदा वर्षांनी साडेपंधरा लाखांच्या आसपास होतात. म्हणजे पॉलिसीच्या सगळ्यात आशादायी आकड्याच्या जवळपास, आणि पैसा मधे लागला तर काढता येतो. विमा कंपनीकडून सरेंडर आणि पेड-अप, दोन्ही आकडे लेखी मागा. पेड-अप केलीत तर हप्ते थांबतील, पण आजवरचे पैसे चौदा वर्षं अडकून राहतील. मी तुमच्या जागी असतो तर सरेंडर केली असती, कारण कॉलेजचा खर्च दारात उभा आहे.

मात्र हे करण्याआधी स्वतःचा साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, घ्या. एक कोटीचा, साठीपर्यंतचा. तंबाखू नसेल आणि तब्येत ठीक असेल, तर हप्ता साधारण वीस-पंचवीस हजारांत बसावा. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही गेला आहे. फॉर्ममध्ये बीपी, शुगर काहीही लपवू नका. ती पॉलिसी हातात आल्यावरच जुनी बंद करा. "मुदत संपली की काहीच परत मिळत नाही" असं एजंट म्हणेल. मिळू नयेच. म्हणून तर ती एवढी स्वस्त आहे.

आता अकरावी. बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स 200 गुणांचं असतं आणि त्यातला निम्मा भाग प्रॅक्टिकलचा. त्यासाठी बायोलॉजी आणि दुसरी भाषा सुटते. तिला मेडिकलकडे जायचं नाही, हे मात्र एकदा तिच्या तोंडून नीट ऐका, कारण बायोलॉजी सुटलं की तो रस्ता अवघड होतो. क्लासवाल्यांचं एक म्हणणं खरं आहे : इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटी परीक्षेत इलेक्ट्रॉनिक्स नाही. तिथे गणिताला 100, फिजिक्सला 50 आणि केमिस्ट्रीला 50 गुण. पण म्हणून दोन वर्षं वाया जातात, हे खोटं. डायोड, ट्रान्झिस्टर, लॉजिक गेट हे बारावीच्या फिजिक्समध्येही येतंच, आणि ब्रेडबोर्डवर सर्किट जोडलेल्या मुलीला तो धडा पाठ करावा लागत नाही. ज्या मुलीनं अलार्म स्वतःच्या हातानं वाजवला, तिची लॅब काढून घेण्यासाठी तुम्ही 2 लाख 40 हजार मोजणार आहात. आणि तेही अशा एफडीतून, जी तुमच्या घराची एकमेव गंगाजळी आहे. नोकरी गेली तर सहा महिने त्यावर काढायचे आहेत.

सीईटीसाठी फक्त गणित, फिजिक्स, केमिस्ट्रीचा साधा क्लास लावा. पैसे वर्षाचे किंवा महिन्याचे भरा, दोन वर्षांचे एकदम कधीच नाही. बंद होणाऱ्या 60 हजारांत टर्मचा हप्ता आणि क्लासचा मोठा भाग निघतो. मल्टिमीटर, सोल्डरिंग गन आणि ब्रेडबोर्ड दीड-दोन हजारांत येतील, तेवढे तिला नक्की घेऊन द्या.

इंजिनिअरिंगच्या फीचंही एक राहिलं. 2024-25 पासून महाराष्ट्रात ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅप, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. तुमचं उत्पन्न आज मर्यादेत दिसतं, पण फार लांब नाही. हातात येणारा पगार धरू नका, फॉर्म 16 काढून बघा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि जात पडताळणी ही कामं अकरावीतच सुरू करा. बारावीच्या निकालानंतर धावपळ करून पडताळणी वेळेत हाती येईलच असं नाही. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतलात तर ही सवलत मिळत नाही, तेव्हा "सीट पक्की करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. हॉस्टेल आणि जेवणाला सरेंडरचे पैसे कामी येतील, ते तोवर बँकेत वेगळे ठेवा.

पण आधी मुलाची पॉलिसी. ती कुठल्या तारखेला हातात आली, ते पाकिटावर बघा आणि तिथून तीस दिवस मोजा.