हाताला गुण असतो, तसा स्वभावाला?

‘आमच्या समुपदेशक मॅडम फार कमी बोलतात, हसतही नाहीत. अशा माणसाकडून मला गुण येईल का? दुसरीकडे जाऊ?’ हा प्रश्न मला वरचेवर येतो.

मी स्वतः अगदी उलट. रिक्षात बसले की उतरेपर्यंत रिक्षावाल्याच्या मुलीच्या दहावीपर्यंत पोचलेली असते. या धंद्यात हेच माझं भांडवल, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मग एक गृहस्थ आले (ओळख पटेल असं सगळं बदललंय). पन्नाशीचे, एसटीत वाहक. मुलगा वर्षभर घरी बोलत नव्हता. तीन भेटी झाल्या. ते ‘हो मॅडम’, ‘बरोबर आहे’ म्हणत आणि बसच्या तिकिटाची घडी घालत बसत. नखाएवढी होईपर्यंत. मी वहीत लिहिलं, ‘मोकळे होत नाहीत.’

त्यांच्या परवानगीने केलेलं रेकॉर्डिंग मी माझ्या सुपरवायझर बाईंना (म्हणजे माझं काम तपासणाऱ्या ज्येष्ठ समुपदेशकांना) ऐकवलं. एका जागी त्यांनी ते थांबवलं. गृहस्थ म्हणत होते, ‘त्या दिवशी मी त्याला...’ आणि दोन सेकंदांत माझा आवाज, अगदी मायेचा: ‘राग आला असेल ना तुम्हाला?’ ‘हो, तसंच.’

‘काय म्हणायचं होतं गं त्यांना?’ बाईंनी विचारलं. मला माहीत नव्हतं.

पुढच्या भेटीत मी म्हटलं, ‘मागच्या वेळी तुमचं वाक्य मी तोडलं. त्या दिवशी तुम्ही त्याला काय?’ आणि गप्प बसले. मला किती जड गेलं ते विचारू नका. थोड्या वेळाने त्यांनीच काळजीने विचारलं, ‘मॅडम, बरं नाही का आज?’ मी मान हलवली. तिकिटाची घडी उलगडायला लागली. ‘शेजाऱ्यांसमोर मारलं मी त्याला. एकोणीस वर्षांच्या पोराला.’

राग नव्हताच तो. लाज होती, आणि माझ्या मायाळूपणाने मी तिच्यावर तीनदा पांघरूण घातलं होतं.

मानसोपचारातली दोन मोठी नावं बघा: कार्ल रॉजर्स मृदू, अल्बर्ट एलिस फटकळ. दोघांनीही असंख्य माणसांना उभं केलं. 2009 मध्ये टिमोथी अँडरसन आणि सहकाऱ्यांनी थेरपिस्टना मदतीसाठी आलेल्या अवघड माणसांच्या चित्रफिती दाखवून ‘आता तुम्ही काय म्हणाल?’ असं विचारलं. त्या उत्तरांचा दर्जा आणि त्यांच्याकडे खरोखर येणाऱ्या माणसांना पडलेला फरक यांचा मेळ बसला. ‘मी माणसांत छान मिसळतो’ या त्यांच्या स्वतःबद्दलच्या मताचा मात्र बसला नाही. हे वाचून मी जरा खट्टू झाले होते. नॉर्वेतल्या अभ्यासांत तर ‘मी चुकत तर नाही ना?’ अशी कामाबद्दल शंका असणाऱ्यांचं काम उजवं निघालं, विशेषतः ती माणसं स्वतःशी प्रेमाने वागणारी असतील तर.

तेव्हा तुमच्या मॅडम किती बोलतात ते मोजू नका. जे थोडं बोलतात ते तुमच्या बोलण्याला धरून असतं का, ते बघा. आणि त्यांना सरळ सांगा, ‘तुम्ही गप्प असता तेव्हा माझं काही चुकलं असं वाटतं.’ अवघड आहे, पण चिठ्ठीवर लिहून दिलं तरी चालतं. त्या थांबल्या, ‘अजून सांगा’ म्हणाल्या, तर दोन-तीन भेटी आणखी द्या. फणकारल्या किंवा ‘हाच तुमचा प्रॉब्लेम’ म्हणाल्या, तर खुशाल दुसरीकडे जा. त्यांना वाईट वाटेल म्हणून थांबू नका.